आमच्या घराण्याची पाठ

"तुम्ही पुण्याच्या नाही," हे ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. विचारलं नाही हं, सांगितलं. दुबईच्या जबल अली बंदराजवळच्या गोडाऊनमधला माझा पहिला दिवस, एसी अंगावर येणारा, मी कोपऱ्यात उभी राहून आईला फोनवर सांगतेय की पोचले बाई नीट, आणि फोन ठेवून वळते तो समोर सहा फुटांच्या वर गेलेला, पांढऱ्या केसांचा एक सुदानी माणूस. मी म्हटलं, "सोलापूरची." त्यांनी मान डोलावली, जणू माझा गुन्हा माफ केला. "असू दे," म्हणाले. "ज्वारी चांगली असते तिकडची."

घरी जाऊन मी नवऱ्याला म्हटलं, अरे, दुबईत येऊनसुद्धा पुणेकर काही सुटले नाहीत!

सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. तिकडे सुदानमध्ये शिकलेल्या माणसाला उस्ताज म्हणतात म्हणे. आमच्या ऑफिसातल्या मल्याळी, फिलिपिनो, पाकिस्तानी मंडळींनी त्याचं उस्ताद करून टाकलं. तरुणपणी ते शिकायला पुण्यात आले, एका म्हाताऱ्या मालकीणबाईंच्या वरच्या खोलीत राहिले, एम.कॉम. झाले. मराठी शिकले ते त्या बाईंची बोलणी खाऊन. त्यामुळे एवढा भारदस्त माणूस, आवाज खर्जातला, आणि कंटेनर अडकल्याचा मेल आला की तोंडातून निघायचं, "अगंबाई!" प्रिंटर बंद पडला की, "मेलं एक दिवस धड चालेल तर शपथ." मला हसू आवरायचं नाही. माझ्या लेकीने त्यांना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "आई, ही इज सो क्यूट!" त्यावर त्यांनी तिला सुनावलं, "क्यूट काय, नमस्कार कर आधी."

दुबईच्या करामा भागात एका जुन्या बिल्डिंगमध्ये ते रत्नागिरीकडच्या चार पोरांबरोबर फ्लॅटमध्ये राहायचे. बेसिनमध्ये भाताची शितं दिसली की त्या पोरांची धडगत नसे. "आईने हेच शिकवलं का रे मेल्यांनो?" पोरं साइटवर फोरमनला जुमानत नसतील, पण ह्यांना टरकून असायची. मात्र एखाद्याला ताप आला की हेच रात्रभर उशाशी.

ऑफिसात त्यांच्यासमोर इन्शाल्ला म्हणायची चोरी. क्लिअरिंग एजंट फोनवर म्हणाला, "टुमॉरो, इन्शाल्ला," की हे लगेच, "हबीबी, अल्लाहला बरीच कामं आहेत. तू सांग, हो की नाही?" नमाज कधी चुकवला नाही, पण कस्टम्सच्या कामात देवाला ओढायचं नाही, हा त्यांचा नियम. रोज थर्मास भरून लालभडक जास्वंदीचं सरबत आणायचे आणि सगळ्यांना जबरदस्तीने पाजायचे. ते आंबट ढुस्स. नको म्हटलं की दुखावायचे, म्हणून आम्ही नाक मुरडून प्यायचो.

आमचं खरं जमलं ते ज्वारीवरून. सुदानमध्येही ज्वारीच खातात हे मला कुठे माहीत! त्यांच्याकडे ज्वारीचं पीठ आंबवून घावनासारखं पातळ करतात, त्याला किसरा म्हणतात. मी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी न्यायची, ते किसरा आणायचे, आणि रोज दुपारी आमचा वाद. "तुमची भाकरी म्हणजे किसऱ्याची जाडी बहीण," ते म्हणायचे. मी म्हणायची, "आणि तुमचा किसरा म्हणजे भाकरीचा आजारी भाऊ." बाकीचे लोक आमच्याकडे बघून चक्रावायचे, की ही सोलापूरची बाई आणि हा खार्टूमचा माणूस कुठल्या भाषेत एवढे भांडतात.

ते गेले त्याला आता वर्ष होत आलं. प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेले. त्यांचा धाकटा भाऊ मात्र ठणठणीत आहे, शारजात आहे, परवाच सहकुटुंब घरी येऊन जेवून गेला. हे आधीच सांगून टाकते. उगाच वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. मला फक्त मधलं सांगायचंय, कारण ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

ते कधी खुर्चीत बसायचे नाहीत. पॅलेटच्या फळ्या ठोकून त्यांनी एक उंच टेबल करून घेतलं होतं आणि दिवसभर त्याच्यासमोर मास्तरासारखे उभे. दुपारी जेवण झालं की गोडाऊनमध्ये जायचे आणि रॅकच्या आडव्या लोखंडाला दोन्ही हातांनी लटकायचे. पाठ मोकळी होते म्हणे. सेफ्टीवाला शिट्ट्या मारत धावत यायचा, हे शांतपणे लटकलेल्या अवस्थेतच त्याची विचारपूस करायचे.

"आमच्या घराण्याची पाठ," ते सांगायचे. वडील पाठीने गेले. काका पाठीने गेले. मोठा भाऊही पाठीनेच. आधी दुखायला लागते, मग माणूस काठी घेतो, मग अंथरूण धरतो, मग संपतो. दुसऱ्यांच्या घराण्यात टक्कल असतं तशी यांच्याकडे पाठ, अशा थाटात. वडील गेले तेव्हा धाकटा अगदीच लहान होता. यांनीच त्याला वाढवला, इकडे आणला, शारजाला स्पेअर पार्ट्सच्या दुकानात चिकटवून दिला, लग्न करून दिलं. स्वतः राहिले तसेच. "त्याला अजून काही नाही," ते म्हणायचे. "त्याची पाठ सरळ आहे." आणि एवढं बोलून टेबलाच्या लाकडाला हात लावायचे.

मग पाठ जास्तच दुखायला लागली म्हणून ते क्लिनिकमध्ये गेले. आमच्या इन्शुरन्स कार्डावर गोडाऊनच्या जवळचंच एक क्लिनिक, लेबर कॅम्पमधल्या कामगारांच्या रांगा लागलेल्या. डॉक्टर आपलाच, भारतीय. आपलाच होता म्हणून मला जास्त चीड आली. त्याने मान वर केली, एक धिप्पाड काळा माणूस पाहिला, कंपनीचं नाव वाचलं, आणि म्हणाला, "वजन उचलणं बंद करा." मलम दिलं, गोळ्या दिल्या, पट्टा दिला. पुढच्या वेळेला गेले तेव्हा वजन कसं उचलावं याचं चित्रांचं पत्रक दिलं. गुडघे वाकवा, पोतं छातीशी धरा.

उस्तादांनी ते पत्रक उंच टेबलावर चिकटवलं आणि सगळ्या ऑफिसला त्या डॉक्टरची नक्कल करून दाखवली. लोक पोट धरून हसले. "अहो, मी एम.कॉम.! जन्मात पेनापेक्षा जड काही उचललं नाही!"

मी नाही हसले. म्हटलं, "तुम्ही सांगितलं का नाही त्याला, की मी कागदाचं काम करतो म्हणून?"

"सांगितलं की. तो म्हणाला, ओके ओके, बट नो लिफ्टिंग."

"आणि राग नाही आला तुम्हाला?"

"ताई," ते म्हणाले, "मी तीस वर्षं परदेशात आहे. कुणाकुणाचा राग करू? त्यासाठी वेगळी रजा काढावी लागेल."

जबल अलीत प्रत्येकाची पाठ दुखते, आणि ज्याची दुखते त्याने काहीतरी उचललेलं असतं. इथल्या डॉक्टरांना ते पाठ झालंय. त्यात माणूस काळा असला तर विचारायचंच नाही. पुढे मी स्वतः बघितलं, मल्याळी अकाउंटंटच्या पाठीचा त्याच क्लिनिकमध्ये एक्स-रे निघाला. ह्यांना पत्रक.

हे चाललेलं असताना माझ्या नवऱ्याची कंपनीची वार्षिक तपासणी आली. तो अल बर्शाला घर, शेख झायेद रोडला ऑफिस अशा सुखात रमलेला प्राणी. त्याच्या पॅकेजमध्ये नखापासून केसापर्यंत सगळं असतं. त्यात प्रोस्टेटची रक्ताची टेस्टही होती. रिपोर्ट घ्यायला मी बरोबर गेले, कारण हा माणूस डॉक्टरांपुढे मुका होतो. डॉक्टर बाई नाशिकच्या. रिपोर्ट बघून म्हणाल्या, सगळं छान आहे. मग सहज विचारलं, घरात वडिलांना, भावाला होता का हा आजार? नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग काळजी नाही. घरात असता किंवा तुम्ही आफ्रिकन वंशाचे असता, तर मी चाळिशीतच मागे लागले असते. त्या लोकांमध्ये हा जास्त होतो, लवकर होतो, आणि सापडतो मात्र उशिरा. कधीकधी माणूस येतो तो थेट पाठदुखी घेऊनच. हाडापर्यंत गेलेलं असतं. कसंय, आपले नियम एकाच्या अंगावर मापून शिवलेत आणि सगळ्यांना घालतात."

माझ्या कानात उस्तादांचा आवाज आला. वडील पाठीने, काका पाठीने, मोठा भाऊ पाठीने.

नवरा गाडीत म्हणाला, "तू सांगणार कसं? पुरुषमाणूस, त्यात एवढे मोठे." मी म्हटलं, तोंडाने सांगणार, आणखी कशाने?

म्हटलं खरं, पण दुसऱ्या दिवशी त्या उंच टेबलासमोर उभी राहिले आणि उगाच टेबलावरचे कागद सरळ करत राहिले. शेवटी एकदम विचारलं, "उस्ताद, रात्री लघवीला उठावं लागतं का तुम्हाला?"

"अगंबाई!" ते म्हणाले, आणि कॉम्प्युटरमध्ये तोंड खुपसलं. मी हलले नाही. आजूबाजूला सगळे होते, पण मराठी कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे आम्ही भर ऑफिसात एकटेच होतो. मी डॉक्टर बाईंचं सगळं बोलणं सांगितलं, एका दमात, नजर त्यांच्या थर्मासवर ठेवून. त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मग हळू आवाजात सगळं सांगितलं. रात्रीचं, त्रासाचं, वर्षभर चालू असलेलं. घरच्या कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

"मला नवल वाटतंय," शेवटी म्हणाले. "अरबीत हे माझ्या तोंडून निघालंच नसतं. अरबीत माझी आई आहे, वडील आहेत. मराठीत काय, मालकीणबाई सगळं ओरडूनच बोलायच्या. मराठीत मला लाज वाटत नाही."

नवऱ्याने रजा टाकली आणि त्यांना त्याच डॉक्टर बाईंकडे नेलं. मुका माणूस, पण त्या सगळ्या दिवसांत तो त्यांच्या शेजारी बसून राहिला. टेस्ट झाली, पुढच्या टेस्ट झाल्या, स्कॅन झाला. हाडांपर्यंत गेलेलं होतं. पूर्ण बरं होणार नव्हतं. औषधांनी थोपवता येईल, बाई म्हणाल्या, काही काळ चांगला जाईल.

ते संध्याकाळी आमच्या घरी आले. मी चहा केला. मला वाटलं, आता स्वतःबद्दल काही विचारतील, किती दिवस वगैरे. त्यांनी कप हातात धरला आणि म्हणाले, "म्हणजे वडिलांची पाठ चांगली होती." मग म्हणाले, "मी रोज संध्याकाळी तिळाचं तेल चोळायचो त्यांच्या पाठीला. हात दुखेपर्यंत चोळायचो. वाटायचं, मी अजून जोर लावला तर बरे होतील." आणि एवढा मोठा माणूस माझ्या सोफ्यावर बसून रडला. मीही रडले. नवरा उगाच किचनमध्ये जाऊन भांडी वाजवत राहिला.

औषधांनी पाठ दुखायची थांबली. लटकायला बंदी आली, तेवढा एक मोठा बदल. पुन्हा ऑफिस, पुन्हा सरबत, पुन्हा "मेलं". त्यांच्या देशात युद्ध पेटलेलं, परत जायला घर उरलं नव्हतं, त्यामुळे कामावर येत राहणं हेच त्यांना बरं वाटायचं. पण एक गोष्ट त्यांनी केली नाही. भावाला सांगितलं नाही. भावाला वाटत होतं, पाठीचे उपचार चाललेत.

"अहो, तो चव्वेचाळीसचा आहे! त्याची टेस्ट आत्ता व्हायला हवी!" मी किती वेळा भांडले असेन.

"ताई, धाकट्यासमोर कमरेखालचं बोलायचं नसतं. आमच्यात बसत नाही. मी त्याचा बाप आहे. बापाने असं बोललं की मुलाने मान कशी वर करायची?"

"आणि मुलाने अंथरूण धरल्यावर?"

त्यांनी टेबलावरच्या पत्रकाचा उचकटलेला कोपरा दाबला. मग म्हणाले, "तुम्ही बोला. परक्या बाईचं तो पाहुणा म्हणून ऐकेल. पण माझं नाव घेऊ नका."

मग मी एका शुक्रवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं. भाऊ आला, त्याची बायको, दोन मुलं. भाऊ उस्तादांसारखाच उंच, हसरा, हिंदी फर्डं बाजारातलं. बायका-मुलं आत गेल्यावर मी भाकरी वाढता वाढता विषय काढला. "भाईसाब, आप ब्लड टेस्ट करवा लो. प्रोस्टेट का." नवरा मदतीला धावला, "मैं हर साल करता हूं भाई, सिर्फ खून देना है, और कुछ नहीं." बोलताना बिचाऱ्याचे कान लाल झाले. भाऊ आधी दचकला, मग हसला. "भाभी, मैं तो जवान हूं!" मी उस्तादांकडे बघितलं. ते ताटात बघत होते. चटणीला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

तरी माझा मान ठेवायला म्हणून भाऊ शारजातल्या एका हॉस्पिटलमध्ये जाऊन आला. आणि संध्याकाळी त्याचा आनंदाने फोन, "भाभी, डॉक्टर बोला, अभी जरूरत नहीं, पचास के बाद आना. घर में किसी को है क्या पूछा, मैं बोला नहीं. खलास!"

मी फोन ठेवला आणि तशीच उस्तादांना लावला. सगळं सांगितलं. म्हटलं, "आता माझ्या हातात काही नाही. तो डॉक्टर एकच गोष्ट ऐकेल, आणि ती सांगणारा माणूस या जगात एकच उरलाय."

पलीकडे त्यांनी पोरांना बाहेर पिटाळल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, "उद्या गाडी काढाल का?"

तोवर त्यांना चालायला त्रास व्हायला लागला होता. शारजापर्यंत तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. अंगात पांढराशुभ्र झगा, डोक्याला फेटा, ईदला जातात तसे तयार झालेले. भाऊ हॉस्पिटलच्या दारात उभा होता, थोडा वैतागलेला. दुकान सोडून यावं लागलं, आणि त्याच्या दृष्टीने विषय संपलेला होता. आत जाताना उस्तादांनी माझ्या दंडाचा आधार घेतला तो सोडलाच नाही, म्हणून मीही खोलीत गेले. डॉक्टर अरबीच बोलणारे, वयस्कर, सभ्य. त्यांनी कालचंच सांगितलं असावं, कारण हाताने "नंतर, नंतर" अशी खूण केली. मग त्यांनी भावाला पुन्हा काहीतरी विचारलं. भावाने खाली बघत मान हलवली आणि आपल्याच पाठीवर हात ठेवून दाखवला. घरात एवढंच, पाठ.

उस्ताद खुर्चीचा हात धरून उठले. मी उठवायला गेले तर मला बाजूला केलं. ताठ उभे राहिले आणि बोलायला लागले. मला अरबी येत नाही, पण ऑफिसात इतकी वर्षं बसून नावं तरी कळतात. त्यांनी वडिलांचं नाव घेतलं, अख्खं, त्यांच्या वडिलांच्या नावासकट, आणि म्हणाले, "ब्रोस्ताता." प्रोस्टेटच ते, कळलं मला. काकांचं नाव घेतलं. "ब्रोस्ताता." मोठ्या भावाच्या नावावर थांबले, घोटभर पाणी प्यायले, आणि पुन्हा घेतलं. दार उघडं होतं. बाहेर बसलेली माणसं, बायका, नर्स, सगळे वळून बघत होते. त्यांनी आवाज जराही खाली आणला नाही.

भाऊ गोंधळून उभा राहिला. डॉक्टरांनी पेन उचललं होतं. उस्तादांनी डॉक्टरांकडून नजर काढली, धाकट्याच्या डोळ्यांत बघितलं आणि स्वतःचं नाव घेतलं.